प्रभाव नव्हे, शिष्यत्व!

अमेरिकन संगीतकार आणि वादक टेरी रायली २०२० च्या प्रारंभी एका महोत्सवाच्या पूर्वतयारीसाठी जपानला गेले. कोरोनाच्या साथीने जग थांबले आणि रायली तेथेच राहिले. वय होते ८४. या वयात मनुष्य विश्रांतीचा विचार करतो. रायली यांनी मात्र कामाकुरा आणि क्योतो येथे जपानी विद्यार्थ्यांना किराणा घराण्याचे रागगायन शिकविण्यास आरंभ केला. २०२३ मध्ये त्यांच्या पियानोवादनाची नवी ध्वनिमुद्रिका जपानमध्ये प्रसिद्ध झाली. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी वयाची ९० वर्षे पूर्ण केली.

पाश्चात्त्य समीक्षकांच्या लेखी रायली हे ‘मिनिमॅलिझम’ या संगीतप्रवाहाचे एक प्रवर्तक. १९६४ मधील त्यांची ‘इन सी’ ही ५३ छोट्या स्वरवाक्यांची रचना आजही जगभर वाजविली जाते. भारताचा उल्लेख मात्र बहुधा एकाच शब्दात आटोपतो : ‘प्रभाव’. या शब्दाला आक्षेप घेतलाच पाहिजे. सहज कानी पडलेल्या सुरांचा प्रभाव पडतो. २६ वर्षांच्या गुरुसेवेला प्रभाव म्हणत नाहीत. तिचे नाव शिष्यत्व!

१९७० मध्ये रायली यांनी पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्व पत्करले, तेव्हा ते कीर्तीच्या शिखरावर होते. पुढच्याच वर्षी एका विख्यात ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाने आपल्या गीताच्या शीर्षकात त्यांचे नाव गुंफले. अशा वेळी कोणीही त्या कीर्तीचे चलन वटवून घेतले असते. रायली यांनी त्या दशकात लेखी रचना करणे जवळजवळ थांबविले. ते गुरूसमोर बसून षड्ज लावू लागले, त्यांच्या मागे तानपुरा धरून बसले, तबल्याची साथ करू लागले. १९९६ मध्ये प्राणनाथांचे निधन होईपर्यंत हा क्रम सुटला नाही. पुन्हा स्वरलिपीत लिहू लागले, तेही ‘क्रोनोस क्वार्टेट’च्या आग्रहाखातर.

स्वतः प्राणनाथांची साधना याहून खडतर. लाहोरात जन्मलेल्या या मुलाने संगीतासाठी तेराव्या वर्षी घर सोडले, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची सुमारे दोन दशके सेवा केली आणि डेहराडूनच्या टपकेश्वर गुहामंदिरात वर्षानुवर्षे स्वराची उपासना केली. याच वहीद खाँसाहेबांनी हिराबाई बडोदेकरांना तालीम दिली होती. म्हणजे जपानी विद्यार्थ्यांना आलाप शिकविणारा हा नव्वदीचा अमेरिकन वृद्ध नात्याने महाराष्ट्राला परका नाही. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत विसावले, सवाई गंधर्व आणि भीमसेन जोशी यांनी ज्या घराण्याचा ध्वज उंचावला, त्याच वृक्षाची ही दूरवर गेलेली फांदी आहे.

हे वाचून अनेकांची छाती अभिमानाने फुगेल. ‘पाहा, पाश्चात्त्यांनाही आमचे श्रेष्ठत्व मान्य करावे लागले’, असे उद्गार निघतील. परंतु हा अभिमान फार स्वस्त आहे. आपल्या संगीताच्या थोरवीला अमेरिकेच्या प्रशस्तिपत्राची गरज असेल, तर ती आत्मविस्मृतीच होय. आणि गरज नसेल, तर रायली यांच्याकडे प्रमाणपत्र म्हणून न पाहता आरसा म्हणून पाहण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे.

त्या आरशात काय दिसते? मुलीला गाण्याच्या शिकवणीस घालणारे पालक पहिल्याच महिन्यात परीक्षा केव्हा, हे विचारतात. दहावीचे वर्ष उजाडले की तानपुऱ्यावर गवसणी चढते. दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत दोन महिन्यांत ‘महागायक’ घडविले जातात. डिसेंबरमध्ये पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात मांडव भरतो, ही आनंदाची गोष्ट खरीच. पण त्या श्रोत्यांपैकी किती घरांत पहाटे षड्ज लागतो? संस्कृतीचा जयघोष व्यासपीठावर आणि तिची साधना कामाकुऱ्यात, ही विसंगती कोणाला बोचत कशी नाही?

‘काळ बदलला, एवढा वेळ कोणाला आहे?’ हे ठरलेले उत्तर. वेळ ८४ व्या वर्षी परक्या देशात नव्याने वर्ग भरविणाऱ्याला मिळतो. आपल्याला मिळत नाही. अडचण वेळेची नसून निष्ठेची आहे.

परंपरा रक्ताने मिळत नाही, भूगोलानेही मिळत नाही. जो तिची सेवा करतो, त्याची ती होते. तंजावर असो, मिरज असो वा क्योतो, स्वर कोणाचे पारपत्र पाहत नाही. वारसा सांगणाऱ्यांनी वारसा चालविलाही पाहिजे. तो चालवायचा असेल, तर भिंतीवरचा तानपुरा आजच उतरवावा लागेल!