दहा दिवसांचे ‘जागतिक नेतृत्व’

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात अलीकडे एका नव्या कर्मकांडाची भर पडली आहे. प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांचा गट आठ-दहा दिवस परदेशी जातो, एखाद्या विद्यापीठात चार व्याख्याने ऐकतो, दोन कारखाने पाहतो आणि ‘आंतरसांस्कृतिक नेतृत्वा’चे प्रमाणपत्र घेऊन परततो. नागपुरात २०१५ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठ आले. शहर उच्च शिक्षणाचे केंद्र होत असताना या दौऱ्यांचे मोल तपासणे येथील पालकांनाही क्रमप्राप्त आहे. कारण त्यांच्या खर्चाचा भार अखेरीस घरच्या बचतीवर किंवा शैक्षणिक कर्जावरच पडतो.

परदेशगमनाला विरोध करण्याचा येथे प्रश्नच नाही. सिंधुबंदीची बेडी केव्हाच गळून पडली. प्रश्न आहे तो दहा दिवसांत नेतृत्व घडते या भ्रमाचा. गट एकाच बसमधून हिंडतो, एकाच हॉटेलात उतरतो, आपसातच बोलतो. समोर येणारा यजमान इंग्रजी जाणणारा आणि पाहुण्यांना सरावलेला असतो. परक्या भाषेत अडखळणे, परक्या घरी त्यांच्या रीतीने जेवणे, चूक झाल्यावर ती उमजून घेणे यांतूनच दुसरी संस्कृती कळते. आणि नेमके हेच त्या वेळापत्रकात नसते.

परदेशातून खरोखर काही घेऊन आलेल्यांची वाट पाहावी. स्वामी विवेकानंद १८९३ मध्ये शिकागोला गेले ते वर्षानुवर्षे भारतभर पायपीट करून, राजवाड्यापासून झोपडीपर्यंतचा देश डोळ्यांत साठवून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथे तीन वर्षे ज्ञानसाधना केली. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीला परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याच्या कराराची जोड होती. नागपूर विद्यापीठ ज्यांचे नाव धारण करते ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेला गेले, ते खेडोपाडी खंजिरी वाजवीत ग्रामजीवन जाणून घेतल्यावर. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले आणि पुढे गडचिरोलीला गेले. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांचे मृत्यू कसे रोखता येतात, हे त्यांचे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. या सर्वांत समान सूत्र एकच : जाण्यापूर्वी मायभूमीची ओळख, किंवा परतल्यावर तिची बांधिलकी.

आणि विविधताच अनुभवायची, तर त्यासाठी पारपत्र कशाला हवे? नागपूरपासून अडीचशे किलोमीटरच्या परिघात मराठी व हिंदी या आर्यकुलातील भाषा आहेत; गडचिरोलीत द्राविडकुलातील गोंडी व माडिया आहेत; मेळघाटात कोरकू आहे, तिचे नाते थेट मुंडारी व संथाळीशी; आणि गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून वसलेल्या निर्वासितांच्या वस्तीत तिबेटी बोलली जाते. चार भाषाकुले एका दिवसाच्या प्रवासात! ‘आंतरसांस्कृतिक’ या शब्दाची पदवी मिरविणाऱ्या किती तरुणांना कोरकूत साधा नमस्कार करता येतो? हेमलकशाच्या दवाखान्यात आलेल्या माडिया मातेची व्यथा समजून घेणे हे परदेशी कंपनीच्या सभागृहातील सादरीकरणापेक्षा कमी अवघड आहे काय?

हा मार्ग नवा नाही. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने १९६६ मध्ये आंतरराज्य छात्रजीवन दर्शन हा उपक्रम सुरू केला. ईशान्येतील विद्यार्थी इतर राज्यांत येतात ते हॉटेलात नव्हे, तर कुटुंबांत राहण्यासाठी. चुलीजवळ जुळलेले हे नाते प्रमाणपत्रावाचून टिकते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार केला हे खरे. परंतु त्याच धोरणात देशातील शंभर स्थळे निवडून तेथे विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी पाठविण्याचीही सूचना आहे. पहिल्याचा गाजावाजा होतो, दुसऱ्याचा विसर पडतो.

म्हणून पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी संस्थांना चार प्रश्न विचारावेत. दौऱ्यापूर्वी त्या देशाची भाषा व इतिहास किमान काही महिने शिकविला जातो काय? नेणारे अध्यापक स्वतः तेथे कधी राहिले आहेत काय? मुक्काम कुटुंबांत आहे की हॉटेलात? आणि परतल्यावर त्या अनुभवाचा उपयोग कोणत्या कामासाठी करणे बंधनकारक आहे? उत्तरे समाधानकारक असतील तर मुलांना अवश्य पाठवावे. नसतील, तर ती शुद्ध सहल आहे. तिला नेतृत्वाचे नाव देऊन कर्ज काढायला लावू नये.

सिंगापूरपूर्वी दहा दिवस धारणी, दुबईपूर्वी दहा दिवस भामरागड, असा नियम विदर्भातील एखाद्या संस्थेने करून पाहावा. त्यातून तावून सुलाखून निघालेला तरुण जगात कोठेही गेला तरी तो केवळ प्रेक्षक उरणार नाही.