पाणी सातबाऱ्याला, हंडा बाईला

पेणजवळच्या हेटवणे धरणावर गेले की डोळे निवतात. भोवती डोंगर, मध्ये निळे पाणी. मीही बघत उभी राहते. मग खारेपाटातल्या सासरी काढलेले उन्हाळे आठवतात आणि त्या निळाईचाच राग येतो. पहाटे तीनला उठून नळाची करंगळीएवढी धार धरायची, नाहीतर टँकरमागे धावायचे, आणि हंडे भरले की पापड लाटायला बसायचे. धरणाचे पाणी तेव्हा पाइपातून नव्या मुंबईला पोचले होते.

याविरुद्ध लढा झाला, आणि तो अभिमानाचाच. लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी ठणकावले : सेझ नको, ठरलेले पाणी द्या. २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला जनमत घ्यावे लागले, पुढे सेझ बारगळला. पण मत कोणाचे? ज्याच्या नावावर जमीन, त्याचे. जिच्या नावावर गुंठाही नाही ती मोर्चाला चालली, मतपत्रिकेला चालली नाही.

२००५च्या कायद्याने पाणीवापर संस्था आल्या. सभासद व्हायला पुन्हा जमीनच हवी. आम्ही लावणी करणाऱ्या बाया एका कचेरीत गेलो, तर साहेब म्हणाले, "खातेदारांना पाठवा." १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, आमच्याकडे भाऊ साडी देतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. (साडीही बेताचीच.) कातकरणीचे तर बोलायलाच नको, तिच्या झोपडीखालची जागाही बहुधा दुसऱ्याची.

आपलेच कार्यकर्ते भाऊ म्हणतात, आधी पाणी येऊ द्या, बायकांचे नंतर बघू. नंतर म्हणजे कधी? पाणी आले की जमिनीचा भाव चढणार, आणि बहिणीची सही घ्यायची घाई तेव्हा दुप्पट होणार. पाण्याआधी नाव लागले नाही तर नंतर ते लागणे अधिकच कठीण.

म्हणून मैत्रिणींनो, पाण्याच्या प्रत्येक निवेदनात या दोन मागण्या सर्वांत वर लिहू. सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचे नाव. आणि नाव असो वा नसो, शेतात राबणारी, पाणी भरणारी प्रत्येक बाई पाणीवापर संस्थेची सभासद. भाऊ त्याखाली सही करणार नसतील, तर पुढच्या मोर्चाला माणसे त्यांनीच गोळा करावीत.