वीस मिनिटांत चार तासांची झोप?

वीस मिनिटं ध्यान केलं की चार तासांची झोप भरून निघते, हे हल्ली इतक्या छातीठोकपणे सांगतात की अकोल्याच्या जठारपेठेत रात्री एकपर्यंत पुस्तकात डोकं घालून बसलेला नीटचा विद्यार्थीही त्यावर भिस्त ठेवतो. हा हिशेब झोपेच्या शास्त्रात कुठे बसत नाही. गाढ झोपेत मेंदू जी कामं उरकतो, ती डोळे मिटून जागं राहिल्यानं उरकत नाहीत.

दुसरा दावा कॉर्टिसॉलचा. ध्यानानं म्हणे हे 'ताणाचं विष' उतरतं. विष कसलं? मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून येणारं हे संप्रेरक कमी पडलं तर माणसाला उठून बसणंही जड जाईल. मध्यरात्रीच्या सुमारास ते तळाला असतं, पहाटे चढतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं. म्हणूनच सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा शेजारी ठेवून 'बघा, उतरलं' म्हणणं ही धूळफेक आहे. नीट केलेल्या अभ्यासांतही काहींत घट दिसते, काहींत दिसत नाही.

म्हणून सगळं थोतांड, असं म्हणणाऱ्यांचीही घाईच होते. झोपेची तक्रार असलेल्या 49 वयस्कांवर लॉस एंजेलिसमध्ये झालेली एक चाचणी 2015 साली प्रसिद्ध झाली. काहींना सजगतेचं ध्यान शिकवलं, बाकीच्यांना झोपेच्या चांगल्या सवयी. सहा आठवड्यांनी ध्यानवाल्यांची झोप अधिक सुधारली. चाचणी लहान, पण पटण्याजोगी. अंथरुणावर पडलं की क्लासची फी, पोराचे मार्क, सोयाबीनचा भाव असं चऱ्हाट सुरू होतं. ध्यानानं तेच आवरतं.

पण रात्रीच डोळे मिटून बसायला हवं, हे कुणी ठरवलं? तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजात प्रार्थना संध्याकाळी ठेवली आणि सामुदायिक ध्यान पहाटे. त्यांचा हेतू झोपेचा नव्हता, हे कबूल. पण पहाटे बसायचं तर रात्री वेळेवर आडवं व्हावं लागतं आणि रोज एकाच वेळी उठावं लागतं. निद्रानाशावर औषधाविना उपचार करणारे डॉक्टर हीच ठरलेली उठण्याची वेळ आधी मागतात. मोबाइलवरच्या ध्यानात नेमकी तीच गाळलेली असते.

शिवाय अकोल्याचा मे महिना. शरीर थोडं निवल्याशिवाय गाढ झोप लागत नाही, आणि इथं दिवसा पारा 45च्या वर जातो. तापलेल्या स्लॅबखाली पद्मासन घालण्याआधी कूलरच्या टाकीत पाणी भरावं, समोरची खिडकी उघडी ठेवावी. घोरताना श्वास अडकत असेल, तर आधी डॉक्टर गाठावा.