नोकरी गेली, काम राहिले



का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाच्या फराळाला वाचनाची जोड मिळाली. त्या परंपरेत आमचा यंदाचा अंक ‘मूल्ये आणि काम’ या विषयावर आहे.

घरची तत्त्वे घरी ठेवावीत, ऑफिसात फक्त काम करावे, असे आपण सहज म्हणतो. पण कामच तत्त्वांवर चालते. पुलाची तपासणी करून अहवालावर सही करणारा अभियंता, रात्रपाळीत औषधाची खरी वेळ नोंदवणारी परिचारिका, मागच्या बाकावरच्या मुलाची वही शेवटपर्यंत तपासणारे गुरुजी यांच्या कामाचा कस त्यांच्या कौशल्याइतकाच त्यांच्या मनाच्या घडणीवर ठरतो. कौशल्य काम कसे करायचे ते सांगते. कुठे थांबायचे आणि कशावर सही करायची नाही, हे मूल्ये सांगतात.

या विषयावर लिहिताना रघुनाथ धोंडो कर्वे यांना टाळून पुढे जाता येत नाही. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. स्त्रीच्या शरीरावर तिचाच अधिकार आहे, ही त्यांची धारणा होती आणि ती त्यांनी लपवली नाही. १९२५ मध्ये त्यांना कॉलेज सोडावे लागले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. निकाल विरुद्ध गेला, दंड झाला, तरी मासिक थांबले नाही.

आम्हा संपादकांना कर्व्यांच्या धैर्याइतकीच त्यांच्या कामाची रीत मोलाची वाटते. बुद्धीला पटेल तेच मानायचे, हा त्यांचा बाणा त्यांच्या प्रत्येक ओळीत दिसतो. वाचक ज्या शंका घरात कुणाला विचारू शकत नव्हते, त्यांना ते आडपडदा न ठेवता उत्तर देत.  जे मूल्य नोकरीच्या आड आले, त्यानेच त्यांच्या संपादनाला धार दिली.

मात्र या कथेतून प्रत्येकाने नोकरीवर पाणी सोडावे, असा धडा काढणे अन्यायाचे होईल. कर्व्यांचे मासिक तोट्यात चालत असताना संसाराचा भार त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी उचलला. तत्त्वनिष्ठेची किंमत घरातले दुसरे माणूसही मोजत असते. ज्याच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, आईवडिलांचे औषधपाणी आहे, त्याच्याकडून बलिदान मागण्याचा अधिकार कुणालाही नाही. म्हणून प्रश्न संस्थांना विचारायला हवा. तुमच्याकडे ‘हे मला पटत नाही’ असे म्हणणाऱ्याची बढती अडते का? चूक दाखवणाऱ्याची बदली होते का? तसे होत असेल तर माणसे गप्प राहायला शिकतात, आणि गप्प माणसांच्या हातून चांगले काम फार काळ होत नाही. खरे बोलणाऱ्याला निर्धास्त ठेवणे हे व्यवस्थापनाचे पहिले कर्तव्य आहे, असे आम्ही ठामपणे मानतो.

याच विश्वासाने अंकातले लेख निवडले आहेत. त्यांतली काही मते आम्हाला मान्य नाहीत. तीही आनंदाने छापली आहेत. 

वाचकहो, अंक वाचा, वाद घाला, आम्हाला लिहा. दिवाळीनंतर तुम्ही कामावर परताल, तेव्हा तुम्हाला पटलेली गोष्ट तिथे निर्भयपणे बोलता यावी आणि सहकाऱ्याची न पटणारी गोष्टही ऐकून घेता यावी, हीच आमची शुभेच्छा.

शुभ दीपावली!

— संपादक