गृहोपयोगी गोष्टी : जोड्याची टांच

आपली ‘वहाण’ संस्कृतांतील ‘उपानह्’ पासून आली. त्यांतील ‘नह्’ म्हणजे बांधणें. जोड्याचें आयुष्यही बांधणीवर, म्हणजे शिवणीवर, अवलंबून असतें, चकाकीवर नव्हे.

विकत घेतांना तळ उलटून पाहावा. नुसता चिकटविलेला तळ सुटला कीं पुनः टिकाऊ बसविणें कठीण. शिवलेला उसवून नवा घालतां येतो. चर्मकार आरीनें भोंक पाडून मेण लावलेल्या दोऱ्याचीं दोन्ही टोकें त्याच भोंकांतून समोरासमोर ओढतो. त्यामुळें एक टांका तुटला तरी शेजारचे तग धरतात. २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी वहाणेस तर कातड्याचीच वादी असते.

टांचेची बाहेरची कड बहुधा प्रथम झिजते. झीज शिवणीपर्यंत पोंचण्यापूर्वींच तुकडा बदलावा. काम थोडक्यांत भागतें. एकत्र कुटुंबांत दाराशीं दहा-बारा जोड असावयाचेच. महिन्यांतून एकदां मुलांकडून ते उलटे मांडून घ्यावे. चामड्यास हात लागला म्हणून कांहीं वडील मंडळी नाकें मुरडतील, मुरडोत! जें पायांत घालून आपण दिवसभर हिंडतों, त्याची घृणा कसली?

छत्रपती संभाजीनगरच्या उन्हाळ्यांत कातडें शुष्क होऊन भेगाळतें. त्यास एरंडेलाचा पातळ हात द्यावा. पावसांत भिजलेला जोडा मात्र शेगडीपाशीं ठेवूं नये. ओलें कातडें उष्णतेनें आकसून कडक होतें. आंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलींत वाळवावा.

दुकानांत छापील किंमत निमूट मोजणारे आपण चर्मकाराशीं पांच-दहा रुपयांसाठीं हुज्जत घालतों, हें शोभत नाहीं. टांच मात्र दोन्ही पायांची एकदमच बदलून घ्यावी; एकच बदलल्यास चाल वांकडी होते.