नरक रद्द, नीती चालू

‘नरकाची भीती गेली आणि माणूस मोकाट सुटला,’ असं परवा एका सप्ताहात महाराज म्हणाले आणि मांडवात टाळ्या पडल्या. लाचखोरी, पेपरफुटी, पोरांचे मोबाइल, सगळ्यांवर त्यांच्याकडे एकच औषध : कुंभीपाक, म्हणजे उकळत्या तेलाच्या कढईचा नरक. गरुडपुराणावरच्या माझ्या लेखानंतर आलेल्या पत्रांतही निम्म्यांचा सूर हाच होता. ‘तुम्हाला पटत नसेल, पण धाक हवाच.’ म्हणजे नरक खरा की खोटा, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. नाक्यावर पोलीसचौकी असावी तसा तो असावा, एवढंच.

म्हणून आज अशा लोकांविषयी, ज्यांनी ही चौकीच उठवली. ख्रिस्ताडेल्फियन. एक ख्रिस्ती पंथ, संख्येने किरकोळ, चर्चच्या लेखी पाखंडी. पण बायबलला असे चिकटलेले की त्यांना नास्तिक म्हणून झटकून टाकायची सोय नाही.

त्यांचा मूळपुरुष जॉन थॉमस हा लंडनचा डॉक्टर. १८३२ साली अमेरिकेला निघाला आणि जहाज वादळात सापडलं. मेल्यावर आपलं काय होणार, याचं धड उत्तर आपल्याकडे नाही, हे त्याला तिथे उमगलं. जगलो तर ते शोधीन, असं त्याने ठरवलं. संकट टळलं की नारळ फोडून मोकळे होणारे पुष्कळ असतात. हा गृहस्थ मात्र १८७१ मध्ये मरेपर्यंत तेच करत राहिला.

हाती जे लागलं ते असं : आत्मा अमर नाही. माणूस मातीचा, श्वास गेला की कारभार आटोपला. मेलेल्याला सुख नाही, दुःख नाही, जाणीवच नाही. नरक म्हणजे थडगं, बाकी काही नाही. स्वर्गात माणूस जात नाही. दावीद राजासुद्धा गेला नाही, हे पेत्रानेच सांगितलंय म्हणत ते ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडून पुढ्यात ठेवतात. सैतान म्हणजे माणसाच्या आतली पापवृत्ती; शिंगं-शेपटीवाला कुणी नाही. ख्रिस्त परत येईल, मेलेल्यांतले जबाबदार तेवढे उठवले जातील, निवाडा होईल. पात्र ठरतील त्यांना अमरत्व मिळेल, तेही वर कुठे नाही, याच पृथ्वीवर, यरुशलेम राजधानी असलेल्या राज्यात. अपात्र पुन्हा मरतील, आणि त्या वेळी कायमचे. कढई नाही, तेल नाही, यमदूत नाहीत.

यातला ‘जबाबदार’ हा प्रकार मला फार आवडला. ज्यांच्या कानावर सुवार्ता कधी गेलीच नाही, त्यांना उठवायचं कशाला? त्यांना स्वर्ग नाही, शिक्षाही नाही. महाराजांची आणि माझी फाइलच उघडणार नव्हती. पण मी आता हे सगळं वाचून बसलोय. सत्य कळलं, बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. अशा माणसाला निवाड्यासाठी उठवायचं की झोपू द्यायचं? हसू नका, याच प्रश्नावर त्यांचेच दोन पुढारी, रॉबर्ट रॉबर्ट्स आणि जे. जे. अँड्र्यू, यांच्यात जुंपली आणि १८९८ मध्ये पंथाची दोन शकलं झाली. नरक गेला म्हणून भांडणं गेली, असा माझा दावा नाही.

माझा दावा वेगळा आहे, आणि त्यासाठी १९१५-१६ सालच्या इंग्लंडात जावं लागेल.

एका बाजूला इंग्लंडचं अधिकृत चर्च. त्याच्या प्रार्थनापुस्तकात ठरावीक सणांना म्हणायचा एक मतांगीकार आहे; दुष्कर्म करणारे अनंत अग्नीत जातील, असं त्यात स्पष्ट बजावलेलं. नरक शाबूत, धाक शाबूत. आणि त्याच चर्चचे लंडनचे बिशप विनिंग्टन-इन्ग्रॅम १९१५ मध्ये प्रवचनात काय सांगतात? जर्मनांना मारा, वाईटांना मारा, चांगल्यांनाही मारा, तरुणांना आणि म्हाताऱ्यांनाही. जग वाचवायचं म्हणून, असं वर स्पष्टीकरण. युद्ध हे त्यांच्या लेखी पुण्यकर्म होतं. खुद्द पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांना या बिशपांचा युद्धज्वर अति वाटला.

दुसऱ्या बाजूला नरक नसलेले हे लोक. १९१६ मध्ये सक्तीची भरती आली आणि नकार देणाऱ्यांना स्थानिक न्यायमंडळांपुढे उभं राहावं लागलं. समोर गावातलेच प्रतिष्ठित, शेजारी सैन्याचा प्रतिनिधी. ‘जर्मन शिपाई तुझ्या बहिणीवर चालून आला तर काय करशील?’ हा ठरलेला प्रश्न. नरकाची भीती नसलेला माणूस मोकाट सुटत असेल, तर त्याने इथे खुशाल बंदूक उचलायला हवी होती. गणवेश मिळाला असता, टाळ्या मिळाल्या असत्या, आणि खून करूनही कढई नव्हतीच. त्यांनी नाही म्हटलं. मुळात या पंथाचं नावच नकारातून आलेलं. १८६४ मध्ये अमेरिकेत यादवी चालू असताना, शस्त्र न धरणारा पंथ म्हणून सरकारदरबारी नोंद हवी होती. त्यासाठी थॉमसने इलिनॉयमध्ये ते नाव घेतलं.

त्यांना हुतात्मा करायची मला घाई नाही. पुष्कळांना ‘राष्ट्रीय महत्त्वाचं काम’ करण्याच्या अटीवर सूट मिळाली, आणि काहींनी दारूगोळ्याच्या कारखान्यातही काम केलं. गोळी बनवायची, झाडायची नाही! गांधीजींनी कान पिळले असते. शिवाय त्यांचा नकार अहिंसेतून आलेलाच नव्हता. आपण येणाऱ्या राज्याचे नागरिक, इथे परदेशी. मग इथल्या राजाची लढाई आपली कशी, हा त्यांचा हिशेब. त्याच हिशेबाने ते मतदानही करत नाहीत, आणि ते मला मुळीच मान्य नाही. पण महाराजांचं गणित तर साफ चुकलं ना? कढईचा धाक असलेले मारायला निघाले आणि ज्यांना कढईच नव्हती ते घरी राहिले. पुढे हिटलरच्या तावडीतून ज्यू मुलं इंग्लंडात आली तेव्हा या एवढ्याशा पंथाने सुमारे २५० मुलांचा भार उचलला आणि बर्मिंगहॅममध्ये त्यांच्यासाठी वसतिगृह चालवलं. येणाऱ्या राज्यात ज्यूंचं स्थान मोठं, ही श्रद्धा त्यामागे होती. असू दे. पोरांना पोळी मिळाली.

‘कायमचं मरण हीसुद्धा भीतीच की,’ असं पत्र येणार, हे मला ठाऊक आहे. आहेच. पण न उठवलं जाण्याची भीती आणि उकळत्या तेलाची भीती यांत एक व्यावहारिक फरक आहे. पहिलीतून कुणाला पैसे काढता येत नाहीत. आणि इथे मी माझ्या नेहमीच्या घोड्यावर बसतो. या पंथात पगारी पुरोहित नाही. रविवारी हॉलमध्ये एका टेबलावर भाकर आणि द्राक्षारस. आळीपाळीने एखादा सुतार, एखादा शिक्षक उभा राहून बोलतो आणि सोमवारी आपापल्या कामाला जातो. बायबल आपलं आपण वाचायचं. रॉबर्ट्सने आखलेल्या तक्त्याप्रमाणे वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार दोनदा. मेलेल्याला काही कळतच नाही म्हटल्यावर त्याच्या नावाने करायचं काय राहिलं? वैतरणी नाही, म्हणून गोदान नाही. गोदान नाही, म्हणून गाईच्या बदल्यात चालणारं पाकीटही नाही.

नरक गेला म्हणून मधला माणूस गेला, हे मला सिद्ध करता येणार नाही. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्टही अनंत नरक मानत नाहीत, पण त्यांच्याकडे पगारी पाळक आहेत. असोत. दहाव्याच्या घाटावर पाकिटाची घासाघीस ज्याने ऐकली आहे, त्याला माझं म्हणणं पुराव्याशिवायही पटेल.

आणि धाकाचंच म्हणाल, तर तो आपल्याकडे शेकडो वर्षं आहे. दर सुतकात घराघरांत रौरव वाचून दाखवला जातो. तरीही सप्ताहाची वर्गणी सगळ्यांत जास्त कोण देतं, मांडवात पहिल्या रांगेत कोण बसतं आणि त्यांच्या जमिनी कुठून आल्या, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कुंभीपाकाचा धाक खरंच चालत असता, तर निम्म्या सप्ताहांना मांडव घालायलाही पैसे जमले नसते.