पानं कुणाची?

हौसेनं मोबाइलवर गंजिफाचा खेळ बनवतोय. आमच्या मालेगावात (वाशिमच्या, नाशिकच्या नव्हे) एक चाचा म्हणाले, "बेटा, दशावताराची चित्रं तू कशाला काढतोस?" एक मित्र म्हणाला, "आमच्या देवांशी खेळ नको."

दोघांनाही सांगतो. बाबरानं 1527 साली सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यातच आहे. सावंतवाडीच्या चितारींनी त्याच खेळात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग रंगवले, प्रत्येकी बारा गोल पानं. नाव मात्र फारसीच ठेवलं. तेव्हा कुणाचं काय बिघडलं? बुद्धिबळात वजीर मारताना, शह देताना कोण धर्म विचारतो?

जुगाराला माझाही विरोध आहे. पैसे लावायची सोयच ठेवलेली नाही.

माझी खरी अडचण वेगळीच: तिघांत 120 पानं वाटली की प्रत्येकाकडे चाळीस येतात, आणि ती स्क्रीनवर मावत नाहीत.